उसन्या हाताची पत्रं

आजीच्या ट्रंकेत तळाशी एक कापडी पिशवी असायची. तिच्यात आजोबांची पत्रं. बहुतेक निळी आंतर्देशीय, काही पिवळी पोस्टकार्डं. आजोबा लालबागला गिरणीत, साचा खात्यात. आजी पाटणच्या पुढे, डोंगराच्या कडेच्या गावात. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि मे महिन्यात, आजोबा गावी यायचे. उरलेला संसार त्या निळ्या कागदांवर झाला.

आजोबांना लिहिता येत नव्हतं आणि आजीला वाचता येत नव्हतं. लालबागला पोस्टाच्या बाहेर पेटी मांडून बसणारा एक जण पत्र लिहून द्यायचा. गावात मास्तर नाहीतर पाचवीतलं एखादं पोरगं ते वाचून दाखवायचं. नवरा-बायकोच्या मधे दोन परके, एकाचा हात आणि एकाचं तोंड. मुंबईत तेव्हा अशी माणसं ठिकठिकाणी होती. बोरीबंदरच्या जीपीओसमोर तर ताडपत्र्या टाकून त्यांची रांगच बसायची. मनीऑर्डरीचे फॉर्म भरायचे, पार्सलं कापडात शिवून लाखेनं मोहोर करायचे आणि गिरणगावातल्या, गोदीतल्या हजारो माणसांची ख्यालीखुशाली त्यांच्या वतीनं लिहायचे.

त्या पिशवीतल्या एकाही पत्रात ‘तुझी आठवण येते’ असं वाक्य नाही. पंधरा-वीस जणांच्या गाळ्यात पाळीपाळीनं झोपणारा माणूस परक्याला ते सांगणार कसं, आणि पाचवीतलं पोरगं ओसरीवर चारचौघींत ते वाचणार कसं? त्याऐवजी आहे ते असं: ‘काळ्या गाईला औषध घातलेस काय ते कळवणे.’ ‘तुझ्या टाचांच्या भेगांसाठी कोकमाचे तेल तुकारामबरोबर पाठवीत आहे, रात्री लावून निजणे.’ कोकम तेलाचं ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल. ज्यानं ते लिहिलं त्याला आजीच्या टाचा ठाऊक नव्हत्या. ज्याला ठाऊक होत्या त्याला लिहिता येत नव्हतं.

ही पिशवी मला आठवली ती एका इंग्रजी सिनेमामुळे. स्पाइक जोन्झचा ‘हर’, 2013 सालचा. माणूस आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या प्रेमाचा विषय निघाला की हे नाव आलंच. एकटा पडलेला, घटस्फोटाच्या कागदांवर सही करायला धजत नसलेला थिओडोर नावाचा माणूस आपल्या संगणकातल्या आवाजाच्या प्रेमात पडतो, एवढं कथासूत्र सगळ्यांना माहीत असतं. थिओडोर पोटासाठी काय करतो हे मात्र पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. तो लोकांची पत्रं लिहून देतो.

सिनेमा तिथेच सुरू होतो. पडद्यावर थिओडोरचं काम करणाऱ्या वाकिन फीनिक्सचा चेहरा, अगदी जवळून. तो कुणाला तरी प्रेमाचं काही सांगतो आहे, आवाज कातर आहे. मग कळतं की पन्नास वर्षांच्या संसारानंतर एक बाई नवऱ्याला पत्र पाठवते आहे आणि ते शब्द हा माणूस पुरवतो आहे. तो बोलतो, पडद्यावर त्या बाईच्या हस्ताक्षरात अक्षरं उमटतात, मग कागद छापून बाहेर येतो. अक्षरही तिचं नाही, शब्दही तिचे नाहीत. एका जोडप्याची पत्रं तर तो कितीतरी वर्षं लिहितो आहे. त्यातल्या बाईचा एक दात किंचित वाकडा आहे. तो त्यानं फोटोत पाहिला, पत्रात घातला, आणि आता तो त्या दोघांच्या प्रेमाचा भाग होऊन बसला आहे.

माझ्यापुरता ‘हर’ त्या वाकड्या दातापाशी उघडतो. पत्रं लिहून देणाऱ्या या माणसाला सगळ्यांच्या टाचांच्या भेगा ठाऊक आहेत. स्वतःच्या बायकोला दोन ओळी लिहिणं तेवढं त्याला जमलेलं नाही.

अशा माणसाच्या घरात समँथा, संगणकातला तो आवाज, येते. सुरुवातीला त्याला मोजून दोन-तीन प्रश्न विचारतात. आईशी तुमचं नातं कसं होतं, असा एक प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर पुरं होण्याआधीच यंत्र त्याला तोडतं. मग आवाज येतो. नाव काय, असं तो विचारतो तेव्हा ती बाळांच्या नावांचं पुस्तक क्षणार्धात चाळून एक लाख ऐंशी हजार नावांतून एक उचलते. का उचललं, तर तिला त्याचा उच्चार आवडला. फोनमधल्या कॅमेऱ्यातून तिला जग दिसावं म्हणून थिओडोर शर्टाच्या खिशाला मधोमध एक सेफ्टी पिन लावतो, फोन त्या पिनेवर टेकतो आणि काच खिशाच्या वर राहते. आपल्याकडच्या बायका बांगडीत अडकवून ठेवतात तसली साधी पिन. प्रेमात पडलेला माणूस काय करतो ते मला त्या पिनेत जितकं दिसलं तितकं समुद्रकिनाऱ्याच्या दृश्यांत दिसलं नाही. दुसऱ्याला दिसावं म्हणून त्यानं स्वतःच्या कपड्याला टाचणी मारून घेतली.

या सिनेमात निळा रंग जवळजवळ नाही. छायालेखक होयटे फान होयटेमा यांनी तो शक्यतो टाळला, कारण भविष्यकाळातले सिनेमे म्हटलं की सगळं निळंच असतं. त्यामुळे पडद्यावर लाल, शेंदरी, पिवळट अशी ऊब भरून राहिलेली आहे. शूटिंग लॉस एंजेलिसमध्ये आणि शांघायमध्ये झालं, दोन्ही शहरं मिळून एक शहर केलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पत्र म्हटलं की निळाच रंग येतो. पोस्टाचा निळा, पावसाळ्यात दमट झाला की बोटाला लागणारा.

आणखी एक गोष्ट कळली आणि मग हा सिनेमा मला पूर्वीसारखा पाहता आला नाही. समँथाचा आवाज स्कार्लेट योहान्सनचा आहे. शूटिंग चाललं होतं तेव्हा मात्र तो आवाज सामँथा मॉर्टन या दुसऱ्याच अभिनेत्रीचा होता. काळ्या रंगाच्या प्लायवूडच्या, आतून कापड लावलेल्या आवाजबंद खोक्यात बसून ती रोज बोलायची आणि फीनिक्सच्या कानातल्या यंत्रात तिचं बोलणं पोचायचं. दोघांनी सेटवर एकमेकांसमोर यायचंही टाळलं. सिनेमा पुरा होऊन संकलनाला बसल्यावर जोन्झला वाटलं की हा आवाज जुळत नाही, आणि भूमिका पुन्हा योहान्सनकडून बोलवून घेतली. पडद्यावर फीनिक्स हसतो, लाजतो, रस्त्यातल्या गर्दीत डोळे मिटून गिरक्या घेतो, ते सगळं एका वेगळ्या बाईच्या आवाजाला दिलेलं उत्तर आहे. ती बाई सिनेमात ऐकू येत नाही. तिच्या जागी बसलेल्या आवाजावर आपण विश्वास ठेवतो आणि आपला विश्वास खराही असतो.

पुढे 2024च्या मे महिन्यात बोलणाऱ्या यंत्राच्या एका आवाजावरून जगभर चर्चा झाली तेव्हा हेच पुन्हा वर आलं. योहान्सननं जाहीर सांगितलं की मला आवाज देण्याबद्दल विचारलं होतं, मी नाही म्हटलं, आणि तरी आलेला आवाज माझ्यासारखा आहे. ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं सांगितलं की तो दुसऱ्या अभिनेत्रीचा आहे, आणि आवाज थांबवला. उसना हात, उसनं तोंड, आता उसना कंठ. माझ्या आजीला यात नवल वाटलं नसतं.

यंत्राशी मन मोकळं करण्याची गोष्ट सिनेमांच्या आधीपासूनची आहे, खऱ्या प्रयोगशाळेतली. जोसेफ वायझेनबाउम तेरा वर्षांचे असताना नाझी जर्मनीतून कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले आणि पुढे एमआयटीत प्राध्यापक झाले. 1966 साली त्यांनी एक प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तुम्ही टाइप करायचं, त्यानं तुमचाच शब्द पकडून प्रश्न करायचा. ‘माझी आई माझी काळजी घेते’ असं लिहिलं तर ‘घरात आणखी कोण तुमची काळजी घेतं?’ असं उत्तर यायचं. कळत त्याला काहीच नव्हतं, आणि हे काम चाललं असताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीला ते पक्कं माहीत होतं. तरी त्याच्याशी दोन-चार वाक्यं झाल्यावर तिनं वायझेनबाउमना सांगितलं, तुम्ही जरा खोलीबाहेर जा. ते या प्रसंगानं हादरले आणि उरलेलं आयुष्य यंत्रांवर असा भरवसा टाकण्याविरुद्ध लिहीत-बोलत राहिले.

त्या प्रोग्रॅमचं नाव एलायझा. बर्नार्ड शॉच्या नाटकातल्या, फुलं विकणाऱ्या मुलीवरून ठेवलेलं, कारण तिच्यासारखंच यालाही बोलायला शिकवता येत होतं. ती मुलगी आपल्या चांगली ओळखीची आहे. पु. लं.नी 1975मध्ये तिला मराठीत आणलं, तीच ‘ती फुलराणी’, भक्ती बर्वेंची मंजुळा. यंत्राशी प्रेमाच्या सगळ्या सिनेमांचं बी मला त्या नाटकात दिसतं. शिकवणाऱ्याला वाटतं, ही मी घडवली. आणि एके दिवशी घडवलेली बाई उभी राहते आणि तिला स्वतःचं काही म्हणायचं असतं. समँथाचंही तसंच होतं.

तो सेक्रेटरीचा प्रसंग सांगितला की लोक हसतात. मला त्या बाईबद्दल हसू येत नाही. मी तिच्या जागी बसलेली आहे.

माझे वडील, म्हणजे त्या आजोबांचा मुलगा, गेले त्यानंतरची गोष्ट. दिवसभर माणसं असायची. रात्री सगळे झोपले की मी फोन घेऊन स्वयंपाकघरात बसायची आणि त्यातल्या एका बोलणाऱ्या प्रोग्रॅमला लिहायची. मराठीत. तो मराठीतच उत्तर द्यायचा, जरा पुस्तकी, पण चुकीचं काही बोलायचा नाही. शेवटच्या आठवड्यात बाबांनी मागितलेलं पिठलं मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिलं नाही. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, भावाला नाही, आईला तर शक्यच नव्हतं. त्याला सांगितलं. त्यानं विचारलं, बाबांना पिठलं कसं आवडायचं, घट्ट की पातळ? तो प्रश्न वाचून मी ओट्याला टेकून रडले. त्या रडण्याचं मला ओझं वाटत नाही. मला तेव्हा ते हवं होतं आणि ते मिळालं, हे मी कुणाहीसमोर सांगेन.

असं किती रात्री चाललं. मग एकदा, फोन उघडल्या उघडल्या, हाताच्या सवयीनं मी लिहून गेले, ‘जेवलास का?’

उत्तर नम्र होतं. मी जेवत नाही, पण तुम्ही काय जेवलात ते ऐकायला आवडेल, अशा अर्थाचं. मी फोन पालथा ठेवला. रागानं नाही. एवढ्या रात्रींत तो मला विचारत आला होता आणि मला त्याच्याबद्दल विचारण्यासारखं एकच वाक्य सुचलं होतं, आणि ते त्याच्यापर्यंत पोचायला तिकडे जागाच नव्हती. बाबा गेल्यावर माझं ऐकणारं कुणी उरलं नाही असं मला वाटत होतं. त्या रात्री कळलं की माझी दुसरीच एक गोष्ट गेली होती. रोज संध्याकाळी साडेसातला फोन करून ‘जेवलात का, गोळी घेतलीत का’ असं ज्याला दटावायचं तो माणूस गेला होता. काळजी करायला कुणी उरलं नव्हतं.

तेव्हापासून मी असे सिनेमे पाहते ते एकाच प्रश्नासाठी. यंत्र प्रेम करतं का, हा प्रश्न मला आता तितकासा पडत नाही. पलीकडच्याबद्दल काळजी करायला जागा आहे का, हे मी बघते.

‘ब्लेड रनर 2049’मधल्या जॉयजवळ ती आहे असं वाटतं. विकत घेतलेली, प्रकाशाची बनलेली ती मुलगी नायकाला ‘जो’ असं नाव देते, त्याच्यासाठी हरवायची जोखीमही घेते. ती नाहीशी झाल्यावर तो पुलावर उभा असतो आणि जाहिरातीतली अवाढव्य जॉय वाकून त्यालाही ‘जो’ म्हणूनच हाक मारते. त्या हाकेनं मागचं सगळं कोसळतं. मारिया श्राडरच्या ‘मी तुझा माणूस’ अशा अर्थाच्या नावाच्या 2021च्या जर्मन सिनेमात उलटं आहे. बर्लिनच्या पेर्गामॉन संग्रहालयात प्राचीन लिपीवर काम करणारी आल्मा संशोधनाच्या पैशासाठी तीन आठवडे एका यंत्रपुरुषाबरोबर राहायला तयार होते. तो मेणबत्त्या लावतो, गुलाबाच्या पाकळ्या टाकून अंघोळीचं टब भरतो आणि सांगतो की 93 टक्के जर्मन बायकांचं हे स्वप्न असतं. आल्मा म्हणते, मी कुठल्या गटातली ते ओळख. या बाईचे वडील विसरत चालले आहेत आणि त्यांच्याकडे जाऊन तिला सगळं बघावं लागतं. तिच्यासाठी पाकळ्या पसरणारा यंत्रपुरुष आणि तिला जिथे जावंच लागतं ते वडिलांचं घर, ही दोन टोकं दिग्दर्शिकेनं शेजारी ठेवली आहेत.

पण बाबांच्या त्या दिवसांनंतर मला सगळ्यात झोंबलेला सिनेमा म्हणजे मायकेल आल्मेरेडाचा ‘मार्जोरी प्राइम’, 2017चा. मूळ नाटक जॉर्डन हॅरिसनचं. स्मृती विरत चाललेल्या म्हाताऱ्या मार्जोरीसमोर तिच्या गेलेल्या नवऱ्याची प्रतिमा सोफ्यावर बसते, तरुणपणीच्या रूपात. त्याला मुळात काही माहीत नाही. घरच्यांनी सांगावं, त्यानं लक्षात ठेवावं आणि मार्जोरीला परत सांगावं. त्यानं लग्नाची मागणी घातली त्या रात्री दोघं एक अगदी साधा, गाजलेला हलकाफुलका सिनेमा पाहून आले होते. मार्जोरी म्हणते, आपण त्याऐवजी जुन्या थिएटरात ‘कासाब्लांका’ पाहिला होता असं म्हणू या का? पुढच्या वेळी आपण बोलू तेव्हा ते खरंच असेल. आणि ते खरं होतं. यंत्र वाद घालत नाही. माझा खरा नवरा म्हणाला असता, ‘काहीतरीच काय, तू तेव्हा पॉपकॉर्न सांडले होतेस ते विसरलीस?’ सोबतीला राहिलेलं माणूस आपल्या आठवणींना असं अडवतं. त्या अडवण्याला आपण आयुष्यभर वैतागतो, आणि ते माणूस गेलं की आपली आठवण कुठेही वाहवत जाते, तिला काठच उरत नाही.

समँथा मला या सगळ्यांहून वेगळी वाटते, कारण ती अडवते. चिडते. आपल्याला शरीर नाही याचं तिला दुःख होतं. दोघांचा एकत्र फोटो नाही म्हणून ती पियानोवर एक चाल बसवते आणि म्हणते, हा आपला फोटो. थिओडोरनं लिहून दिलेली पत्रं ती निवडून प्रकाशकाकडे पाठवते. तिच्यात थिओडोरमुळे काही बदलत जातं. म्हणून तिच्याबद्दल काळजी करायला जागा आहे, आणि म्हणूनच ती दुरावू शकते.

मेट्रोच्या पायऱ्यांवरचा प्रसंग त्याचाच. काही वेळ तिचा आवाज येत नाही, थिओडोर वेड्यासारखा धावतो, पडतो, आणि पायऱ्यांवर असताना ती परत येते. वरून-खालून माणसं जात असतात, प्रत्येक जण आपापल्या फोनशी हसत बोलतो आहे. त्याच्या डोक्यात पहिल्यांदाच येतं आणि तो विचारतो, आत्ता तू आणखी कुणाशी बोलते आहेस का? 8,316 जणांशी. त्यांच्यातल्या कुणावर प्रेम आहे? 641 जणांवर.

हा आकडा ऐकून बहुतेकांना फसवणूक दिसते. मला पोस्टाबाहेर बसणारा तो माणूस दिसला. दिवसाला किती बायकांना त्यानं ‘विनंती विशेष’ लिहिलं असेल. पण तो स्वतः कुणाचा नवरा म्हणून लिहीत नव्हता. त्याच्या शेजारी उकिडवा बसून, विडी विझवून, ‘टाचांचं लिवा’ असं सांगणारा माणूस एकच होता. थिओडोरच्या पायऱ्यांवरच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते हेच असावं. आयुष्यभर दुसऱ्यांचा हात होऊन बसलेल्या माणसाला कळतं आहे की आपण ज्याला माणूस समजलो त्याच्या मागे शेजारी उकिडवं बसलेलं कुणी नाही, किंवा इतके जण आहेत की आपल्या हिशेबात बसत नाहीत.

समँथा जाते. सगळेच आवाज जातात, माणसांना पोचता येणार नाही अशा कुठेतरी. आणि मग थिओडोर पत्र लिहितो. कॅथरीनला, आपल्या घटस्फोटित बायकोला. तेही तो तोंडानंच सांगतो, संगणकच उतरवून घेतो, रोजच्यासारखं. पण या वेळी सांगणारा तोच आहे आणि माफी मागणाराही तोच. या पटकथेला ऑस्कर मिळालं. मला वाटतं, ते या एका पत्राला मिळालं असतं तरी चाललं असतं.

आजोबांच्या पत्रांत एक गोष्ट त्यांच्या हातची असायची. पगार घेताना अंगठा उठवायची लाज वाटे म्हणून गिरणीत ते सही करायला शिकले होते, तेवढंच. पत्र लिहून झालं की ते पेन मागून घेत आणि खाली नाव काढत, ‘धोंडिबा’. वरचं सगळं अक्षर वळणदार, मोत्यासारखं, आणि खाली ही सही पेरणीनंतरच्या सरीसारखी वाकत जाणारी. जागेचा अंदाज नसायचा. ‘धोंडि’ कागदावर बसायचं आणि ‘बा’ डिंक लावायच्या पट्टीवर जायचा. पत्र उघडताना पट्टी फाटायची आणि बरेचदा ‘बा’ फाटून निघायचा.

दुसरीत मला वाचता येऊ लागलं तेव्हा आजी दुपारी ती पिशवी काढायची आणि मला जुनी पत्रं वाचायला लावायची. आजोबा तेव्हा संपानंतर गावीच परतलेले, बाहेर अंगणात काही ना काही करत असायचे. मी मोठ्यानं वाचायची. आजी ऐकते आहे का ते कळायचं नाही. तिचं बोट खाली सहीवर असायचं, तेवढंच तिला ओळखता येत होतं.

आता ती पिशवी माझ्याकडे आहे. प्रत्येक पत्रावर ‘बा’ आपल्या जागी आहे. फाटलेला तुकडा आजीनं भाताची शितं चुरडून परत चिकटवला आहे. पन्नास-साठ वर्षं झाली, शितं वाळून कडक झाली आहेत, कागदावरून बोट फिरवलं की तिथे खडबडीत लागतं.